तिसऱ्या कपाशिवाय उठायचं नाही

मेगाबित ४

ही वही रेदिएतने आणली. रेदिएत माझी नात. म्हणाली, "आजी, तू एकच गोष्ट मला तीनदा सांगतेस. एकदा या वहीला सांगत जा, म्हणजे मला दोनदाच ऐकावी लागेल." जीभ बघा कार्टीची. माझ्यावरच गेली आहे.

मला लिहायला आलं ते चाळिशीत, साक्षरतेच्या वर्गात. मास्तरीण माझ्या मुलीच्या वयाची. ती मला वर्गातच कॉफी करायला लावायची, त्यामुळे निम्मी अक्षरं मी बिया भाजता भाजता शिकले. अजूनही काही अक्षरं काढताना मला भाजल्याचा वास येतो. तर चुकलंमाकलं वहीने सांभाळून घ्यावं.

माझं नाव अस्नाकेच. परिषदेच्या मोठ्या इमारतीत सात नंबरच्या दालनाबाहेर माझा कॉफीचा कोपरा आहे. खाली गवत पसरायचं, धूप घालायचा, हिरव्या बिया धुऊन भाजायच्या, कुटायच्या, जेबेनात उकळायच्या. माझी जेबेना आईच्या वेळची आहे, काळी मातीची, मान थोडी तिरकी. आत साहेब लोक देशादेशांची भांडणं मिटवतात. बाहेर येऊन माझी कॉफी पितात आणि ताजेतवाने होऊन परत भांडायला जातात. अकरा वर्षं मी हे बघते आहे.

आता मुख्य गोष्ट, जी पहिल्या ओळीत लिहायला हवी होती. रेदिएतचं लग्न ठरलं. उपवासाच्या पंचावन्न दिवसांत आमच्याकडे लग्न लागत नाही, म्हणून उपवास सुटतो त्या फासिकाच्या सणानंतरचा पहिला रविवार धरला आहे, गिंबोत महिन्याची ४ तारीख. नवरदेवाचं नाव नहोम. सैन्यात लेफ्टनंट, सातव्या पलटणीत. उंच आहे, लाजाळू आहे, कान जरा मोठे आहेत. पण मोठ्या कानाचा नवरा बायकोचं ऐकतो. पांढरा झगा शिवून आला आहे, दाराच्या मागे टांगलाय. रेदिएत रोज कामावरून आली की त्याच्यावरची चादर काढते, बघते, परत घालते. मला वाटतं मला दिसत नाही असं तिला वाटतं.

मेगाबित ७

सातव्या दालनात नवीन भांडण आलं आहे. लोराबा म्हणून एक सरोवर आहे, इथून फार लांब. त्याचे दोन काठ एकमेकांवर दोन वर्षं गोळ्या झाडताहेत. मध्ये शांतिसेना पाठवायची म्हणतात. तीही एकाची नाही, दोघांची मिळून: अर्धी आपल्या आफ्रिकेच्या परिषदेची, अर्धी सगळ्या जगाच्या संस्थेची. दोन्ही काठांनी हो म्हटल्याशिवाय परिषद मंजुरी देणार नाही. दोन दिवस नुसता यावरच वाद चालला आहे की सैनिकांच्या टोप्या हिरव्या की निळ्या. देगेफा म्हणाला, शेवटी बहुतेक सोमवार-मंगळवार हिरव्या आणि बुध-गुरू निळ्या करतील. देगेफा आमचा दुभाषी. चेष्टा करताना त्याचा चेहरा हलत नाही, त्यामुळे खरं काय ते कळलं नाही.

पूर्व काठाचे लोकेरूसाहेब: काठीसारखे बारीक, बोलतात कमी, रागावतात जास्त. पश्चिम काठाचे बदोंगेसाहेब: गोल, घाम पुसत असतात. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. पण माझ्याशी दोघेही आमच्या भाषेत बोलले, तेही "एमामा" म्हणून. म्हाताऱ्या बाईला आम्ही मानाने म्हणतो ते, परदेशी साहेबाच्या तोंडून एमामा. मी विचारलं, कुठे शिकलात? लोकेरूसाहेब म्हणाले, "आठ वर्षं इथे कॉलेजला होतो, एमामा. पियासा भागात खोली होती." थोड्या वेळाने बदोंगेसाहेबांना विचारलं, तर तेही पियासा. तेही आठ वर्षं. दोघांनी एकच शहर खाल्लंय आणि एका ताटात बसायला तयार नाहीत.

बाकीच्या परदेशी लोकांचं तर घड्याळच उलटं. सूर्य उगवून तीन तास झाले की तीन वाजले, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही मंडळी त्याला नऊ म्हणतात. आणि त्यांचे तीन वाजतात तेव्हा आपले दुपारचे नऊ झालेले असतात. का, तर ते मध्यरात्रीपासून मोजतात. मध्यरात्री उठून कोण मोजत बसतं? देगेफा म्हणून दोन्ही हातांत घड्याळ बांधतो. वेळेचं सगळं तोच बघतो, मी त्या फंदात पडत नाही.

मेगाबित ११

आज दाराला कडी लावून लिहायला बसले आहे.

अध्यक्षबाईंच्या टेबलावरचे कप उचलायला गेले होते. अध्यक्षबाई दक्षिणेकडच्या, भल्या बाई, फक्त कॉफी एकाच घोटात पितात. टेबलावर एक यादी होती. भाषा मला येत नाही, पण आपला झेंडा कळतो. झेंड्यापुढे ७ चा आकडा. त्यापुढे १/८.

सातवी पलटण. आठव्या महिन्याची एक तारीख. मेगाबित सातवा महिना, पुढचा आठवा, म्हणजे मियाझिया १. म्हणजे आजपासून वीस दिवस. फासिका त्याच्यानंतर, लग्न त्याच्याही नंतर. आणि नहोम जाणार एक वर्ष.

कोणाला सांगायची सोय नाही. नोकरीला लागताना मी सही केली आहे, टेबलावर दिसेल ते पोटात ठेवायचं. रेदिएतला सांगता येत नाही, नहोमला विचारता येत नाही. वहीला सांगते, कारण वही टेबलावर नसते, पोळपाटाखाली असते.

संध्याकाळी रेदिएतने परत चादर काढली आणि झग्याची बाही नीट केली. मी कांदा चिरत होते, ते बरं झालं.

मेगाबित १३

आज मंजुरीचं मतदान होतं. झालं नाही. आणि त्याचं कारण मी.

देवाशपथ, मुद्दाम नाही. बिया भाजता भाजता माझं मन दुसरीकडे गेलं, धूर झाला, छतावरचं ते लाल डोळ्याचं यंत्र किंचाळायला लागलं. सगळी परिषद जिना उतरून बागेत. चाळीस देशांची माणसं गुलाबाच्या वाफ्यात उभी. तासाभराने आत गेली तेव्हा बदोंगेसाहेब म्हणाले, पूर्व काठाने आग लावली. लोकेरूसाहेब म्हणाले, पश्चिम काठाला धूर सोडायची जुनी सवय आहे. मतदान पुढे गेलं.

एक दिवस वाचला.

मेगाबित १४

आज परत धूर झाला.

आज मुद्दाम होता. हे पान कोणी वाचू नये.

मेगाबित १६

यंत्राखाली पंखा लावला माणसांनी. आता धूर खिडकीतून जातो. मी बिया एक एक निवडून भाजते, चाळीस कपांना तीन तास लावते. देगेफा म्हणाला, "एमामा, गेल्या आठवड्यापर्यंत तुम्ही वाऱ्यासारख्या होतात. काय झालं?" मी म्हटलं, गुडघे. तो म्हणाला, गुडघ्यांनी भाजता का?

तरी माझ्या हळूपणाची गरजच पडली नाही. दोघे साहेब स्वतःच पुरेसे आहेत. छावणी कुठे टाकायची यावर अडलं आहे. पूर्व काठावर टाकली तर पश्चिमेचे म्हणतात फौज त्यांची झाली. पश्चिमेवर टाकली तर उलट. पत्र पाठवलं तर ज्याचं नाव दुसरं तो पत्र परत पाठवतो. आता दोघेही ऑफिसचा एक कागद हातात घेत नाहीत. फक्त माझी कॉफी घेतात.

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

मेगाबित २०

काही नाही. देगेफाची दाढ सुजली आहे.

मेगाबित २२

देगेफा रजेवर. अध्यक्षबाई सकाळीच माझ्या कोपऱ्यात आल्या. माझी भाषा त्यांना येत नाही, त्यांची मला नाही, तरी आमचं चांगलं जमतं. त्यांनी बारीक चालून दाखवलं, मग गोल चालून दाखवलं, म्हणजे दोघे साहेब. मग उद्याचा इशारा. मग तीन बोटं. मग सातव्या दालनाकडे हात आणि कप तोंडाला. मी मान हलवली. ऑफिसचं पत्र ते घेत नाहीत, म्हणून कॉफीवालीकडून निरोप. हुशार बाई.

मी जाऊन दोघांनाही आमच्या भाषेत सांगितलं: उद्या तीन वाजता, सातव्या दालनात, कॉफीला. दोघेही म्हणाले, "तो येणार असेल तर मी येणार नाही." मी म्हटलं, "त्याचं मला माहीत नाही, मक्याच्या लाह्या मात्र ताज्या असतील." दोघेही विचारात पडले.

मेगाबित २३

आज पुष्कळ लिहायचं आहे. मधलं एक पान नाही, त्याचंही सांगते.

सकाळी तीनला दोघेही हजर. वेळेवर, अंघोळ करून, टाय लावून. पण दुसरं कोणीच नाही. अध्यक्षबाई नाहीत, बाकीचे देश नाहीत, शिपाईसुद्धा नाही. मी गवत पसरून, धूप लावून तयार.

"बाकीचे कुठे आहेत?" लोकेरूसाहेबांनी विचारलं.

"येतील. बसा."

"हा असताना मी बसत नाही."

"उभ्याने कॉफी घेतली की पाय सुजतात," मी म्हटलं. हे मी तेव्हाच बनवलं. पण दोघांनी आपापल्या पायांकडे पाहिलं आणि दोघे बसले, एकमेकांकडे पाठ करून.

पहिला कप असाच गेला. एक भिंत बघतोय, एक खिडकी बघतोय. मग लोकेरूसाहेब म्हणाले, "एमामा, साखर थोडी कमी घाला."

"पूर्वेकडच्यांना गोड काही सोसतच नाही," बदोंगेसाहेब खिडकीला म्हणाले.

"पश्चिमेकडच्यांचे दात कोणी बघितलेत का?" लोकेरूसाहेब भिंतीला म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, तुमच्या दोघांची बोली एकच आहे ना? मग माझ्या भाषेत का भांडताय?"

"एक नाही," दोघे एकदम म्हणाले. एकाच सुरात.

दुसरा कप ओतेपर्यंत दोघे वळून बसले होते, कारण पाठमोरं भांडायला मान दुखते. लोकेरूसाहेबांनी तबकात लाह्यांचं सरोवर मांडलं. इकडे पूर्व, इकडे पश्चिम, मूठभर लाह्या म्हणजे शांतिसेना. ते शांतिसेना पूर्वेला ठेवत, बदोंगेसाहेब उचलून पश्चिमेला ठेवत. असं पाच-सहा वेळा झालं. मग बोलता बोलता बदोंगेसाहेबांनी शांतिसेना खाल्ली.

"बघा एमामा. हे असं आहे यांचं."

"चुकून खाल्ली. भूक लागली होती."

मी नवीन शांतिसेना आणून दिली. आणि सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "तिकडे लग्नं केव्हा असतात हो? आमच्याकडे आता फासिकानंतर."

मग बदोंगेसाहेबांनी घाम पुसला. "लग्नं बंद आहेत, एमामा. दोन वर्षं. आमच्यात मुलगी एका काठावरची, मुलगा दुसऱ्या काठावरचा, अशीच रीत आहे. वरात होडीतून ढोल वाजवत निघते. आता ढोल ऐकला की पलीकडचे हल्ला समजून गोळ्या झाडतात."

"अलीकडचेसुद्धा," लोकेरूसाहेब म्हणाले. बरोबर बोलले म्हणून मला आवडलं.

"किती लग्नं अडलीत?"

"आमच्याकडे एकशे चाळीस."

"आमच्याकडे एकशे बेचाळीस," बदोंगेसाहेब म्हणाले.

"कसं शक्य आहे? नवरे आमचे, नवऱ्या तुमच्या. आकडा एकच यायला हवा."

"दोघींनी अजून नवऱ्याचं नाव सांगितलेलं नाही."

लोकेरूसाहेब हसले. हसताना माणूस निम्म्या वयाचा दिसतो. मग बदोंगेसाहेब म्हणाले, "माझी पुतणी त्यातच आहे. कपडे पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. दर महिन्याला काढते, उन्हात घालते, परत घडी करते. मला वाटतं तिला वाटतं आम्हाला दिसत नाही."

माझ्या हातातून पळीच सुटली.

तेवढ्यात लोकेरूसाहेब उठले. म्हणाले, "आपल्याला बोलावून कोणी आलं नाही. हा अपमान आहे. मी दुपारच्या विमानाने जातो." बदोंगेसाहेबही उठले, "मग मीही जातो. तुझ्या आधी." कोट घातला. दाराकडे निघाले.

मला एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. गप्प बसायचं. ते गेले की मंजुरी गेली, नहोम राहिला, लग्न लागलं. दोन आठवडे मी हेच मागत होते. जेबेनात तिसऱ्या वेळचं पाणी उकळत होतं आणि मी त्या तिरक्या मानेकडे बघत बसले. एका लग्नासाठी मी किती धूर केला. आणि तिकडे एकशे चाळीस. किंवा बेचाळीस.

"बसा," मी म्हटलं. "तिसरा राहिला."

"एमामा, आता खरंच..."

"आठ वर्षं पियासात राहून हेच शिकलात? तिसरा कप आशीर्वादाचा. तिसऱ्या कपाशिवाय उठायचं नाही."

दोघे कोटासकट बसले. मी मुद्दाम हळू ओतला, धार बारीक ठेवून. मग विचारलं, "तुमच्या शेळ्या कुठे चरतात?"

"शेळ्या?" लोकेरूसाहेब म्हणाले. "त्या बेटावर. मधल्या."

"कोणाच्या?"

"दोघांच्या. शेळ्यांना काय कळतं."

मी तबकाच्या मधोमध कप ठेवला आणि शांतिसेनेच्या लाह्या त्यात ओतल्या. दोघांनी पुढे वाकून कपात डोकावलं.

"बेटावर पाण्याची सोय आहे," बदोंगेसाहेब म्हणाले.

"चौफेर पाणीच आहे," लोकेरूसाहेब म्हणाले. "पण शेळ्यांना हलवायचं नाही."

"शेळ्यांना हलवायचं नाही. हे आधी लिहू."

कागद कुठून आणणार, ऑफिसचा तर चालत नाही. म्हणून या वहीचं मधलं पान गेलं. लिहून झालं आणि गाडी परत अडली, आधी सही कोणाची. मी कॉफीचा ओला कप पानावर ठेवून उचलला. गोल डाग उठला. म्हटलं, यावर गोल फिरत सह्या करा, गोलाला पहिलं-दुसरं नसतं. केल्या. लोकेरूसाहेबांची सही वरून सुरू होते असं बदोंगेसाहेब म्हणाले, तर मी पान फिरवून ठेवलं.

दुपारी नऊच्या सुमाराला अध्यक्षबाई पंधरा जण घेऊन आल्या, दार उघडलं आणि तिथेच थांबल्या. दोघे साहेब बूट काढून गवतावर बसले होते आणि पियासातल्या कोणत्या खाणावळीतलं शिरो, म्हणजे आमचं पिठलं, चांगलं होतं यावर भांडत होते. सुजलेल्या गालाचा देगेफा मागे होता. त्याने दोन्ही घड्याळं पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि गाल धरून खाली बसला. दाढ फारच दुखत असावी.

मेगाबित २४

मंजुरी मिळाली. सगळे हात वर. माझं पान काचेत घालून टेबलावर ठेवलं होतं, डागासकट. अध्यक्षबाईंनी मला मिठी मारली. मी रडले. सगळ्यांना वाटलं आनंदाने.

मेगाबित २८

आज देवळात गेले. पुजाऱ्यांना सहज म्हटलं, अगदीच निकड असली तर उपवासात लग्न लागतं का, म्हणजे समजा दोन-तीन दिवसांत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी उपवासात वर्ज्य असलेलं लोणी देवळात मागितलं. मग हळूच म्हणाले, "मुलीला काही... घाई आहे का?" मी म्हटलं, मुलीला नाही, मला आहे. ते आणखीनच घाबरले.

मियाझिया १

आज मी सकाळी नहोमच्या छावणीवर गेले. पाठीला बोचकं: तीन किलो कोलो भाजून नेलं होतं, जव आणि हरभरा, मीठ लावून, वर्षभर टिकतं. लोकरी मोजे. आणि आईची जेबेना, गवतात गुंडाळून. म्हटलं, मुलगा न सांगता निघणार, निदान रिकाम्या हाताने नको.

बघते तर पलटण मैदानावर व्हॉलीबॉल खेळते आहे.

"आजी? तुम्ही इकडे कशा?" नहोम घामाघूम धावत आला. कान लाल.

"ट्रक कुठे आहेत?"

"कसले ट्रक?"

"लोराबाला जायचे. मी सगळं जाणते. आठव्या महिन्याची एक तारीख. सही केली होती म्हणून बोलले नाही."

नहोम आधी माझ्याकडे, मग बोचक्याकडे बघायला लागला. "आजी, आम्हाला परवाच कळलं. रेदिएतला सांगितलं. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, तुम्ही काळजी कराल म्हणून. पण एक ऑगस्टला जायचं आहे. म्हणजे आपली हमले पंचवीस. पाऊसकाळात, लग्नाच्या कितीतरी नंतर."

"कागदावर आठवा महिना होता."

"त्यांचा आठवा, आजी. त्यांचं वर्ष वेगळं."

मी बोचक्यावरच बसले. तीन आठवडे. दोनदा धूर. चाळीस देश गुलाबाच्या वाफ्यात. पुजारी तर अजून माझ्याकडे बघून वळतात. मी हसायला लागले तर थांबेना, आणि नहोम बिचारा पाणी आणायला पळाला. तोवर पलटणीने कोलो संपवलं.

जेबेना मी तिथेच ठेवली. तो म्हणाला, फुटेल. मी म्हटलं, माझ्या आईकडून फुटली नाही, माझ्याकडून फुटली नाही, तू काय वेगळा आहेस?

गिंबोत ५

काल लग्न झालं. पाय दुखतात, म्हणून थोडंच लिहिते. झगा रेदिएतला इतका शोभला की मीच तिच्यावर चादर घालावी असं वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून. दोघे साहेबही आले होते, एकाच गाडीतून. कोंबडीच्या रश्श्यात अंडी किती यावरून जुंपली. मी एक अंडं मधोमध कापून दोघांच्या ताटात टाकलं. अर्धं मोठं कोणाचं यावर नाचगाणं संपेपर्यंत चाललं होतं.

मेस्केरेम २

काल नवीन वर्ष लागलं. घरभर पिवळी फुलं. आणि फोनवर नहोमचं पत्र आलं, लांबलचक. रेदिएतने वाचून दाखवलं.

तो लिहितो की बेटावर शेळ्या छावणीत शिरतात आणि कोणाला हाकलता येत नाही, कारण तसं करारातच आहे, पहिल्याच कलमात. एका शेळीने कमांडरची निळी टोपी खाल्ली, म्हणून ते हिरवी घालतात.

परवा दुपारी ढोल वाजायला लागले. जोरात, पाण्यावरून. सगळी पलटण शिरस्त्राणं चढवून काठावर धावली, काहींनी तर घाईत एकमेकांची घातली. दोन्ही काठांवर माणसं जमलेली, कोणी हलेना. एक होडी येत होती. त्यात मुलगी उभी होती. कपड्यांवर घड्यांच्या रेघा उमटलेल्या, आडव्या-उभ्या, पेटीत फार दिवस ठेवलेल्या कपड्यांवर उमटतात तशा. गोळी कोणी झाडली नाही. बदोंगेसाहेबांचीच पुतणी ती, नहोमने विचारून घेतलं.

वरात बेटावर थांबली. सैनिकांना जेवायला बसवलं. नहोमने जेबेना काढली, फुटलेली नाही, आणि सगळ्यांना कॉफी दिली. तिकडे एकच कप प्यायची रीत आहे. पिऊन झाल्यावर दोन्हीकडची मंडळी उठायला लागली, आणि आमचा लाजाळू मुलगा, कमांडरसमोर, मोठ्याने म्हणाला, "बसा. अजून दोन राहिलेत."

म्हणून अंधार पडेपर्यंत सगळे तिथेच बसून होते.

रेदिएतने फोन खाली ठेवला. डोळे पुसले. मी म्हटलं, वाच पुन्हा.

"आजी, आत्ताच तर वाचलं."

"एकदाच वाचलंस," मी म्हटलं, आणि कॉफीच्या बिया धुवायला घेतल्या.